गायरानाला राखणदार हवा

गवत आपोआप उगवते, तेव्हा त्याची निगा राखण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्वारीला कोळपणी हवी, उसाला पाण्याची पाळी हवी, आंब्याला आळे हवे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु गावच्या गायरानाने पावसाळ्यात हिरवे व्हावे व शिमग्यापूर्वीच उजाड व्हावे, हा जणू सृष्टीचा नियमच आहे असे मानले जाते. हा नियम नव्हे. ही हयगय होय. गवत हे पीक आहे आणि निगा राखली तर ते एकाच जमिनीवर शेकडो वर्षे टिकते. याचे प्रत्यंतर जेथे मिळते तेथे शेतकऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. ते ठिकाण म्हणजे गोल्फचे मैदान.

गोल्फ हा काठीने चेंडू टोलवीत नेऊन जमिनीतील भोकात घालण्याचा खेळ आहे. अठरा भोकांच्या पूर्ण मैदानाला पन्नास हेक्टरांच्या आसपास जमीन लागते. भोकाभोवतीची जी गुळगुळीत हिरवळ असते तिला ग्रीन म्हणतात. हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न येथे कोणी विचारील. खेळाशी संबंध नसेलही. पण त्या खेळाखालच्या गवताशी आहे. इतक्या पायांखाली तुडवले जाऊनही ते गवत का टिकते आणि गावचे गायरान का टिकत नाही, हे समजून घेणे गावाच्या हिताचे आहे.

एका गायरानाची कथा

जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी, समुद्रकाठच्या वाळवंटी जमिनीवर आहे. ते कोणा धनिकाने पैसा ओतून तयार केलेले नाही. ती मुळात गावाची सार्वजनिक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायरानच होते. त्या जमिनीवर मेंढ्या चरत, ससे बिळे करीत आणि गावकरी खेळत. १५५२ साली तेथील आर्चबिशप हॅमिल्टन याने दिलेल्या सनदेत गावकऱ्यांचा या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य करण्यात आला.

पुढे जे घडले ते आपल्याकडील अनेक गायरानांच्या इतिहासासारखेच आहे. १७९७ साली कर्जबाजारी झालेल्या नगरसभेने ही जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. सशांची संख्या बेसुमार वाढली, हिरवळ पोखरली गेली आणि खेळणारे व सशांचे मालक यांच्यात सुमारे वीस वर्षे तंटा चालला. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली व ती खेळासाठी राखली. १८९४ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा नगरसभेच्या ताब्यात आली. १९७४ पासून पार्लमेंटच्याच कायद्याने स्थापन झालेला एक न्यास तिचा कारभार पाहतो. जमीन आजही सार्वजनिक आहे. गावकरी तिच्यावर फिरतात, खेळतात.

या कथेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, केवळ हक्काच्या सनदेने हिरवळ वाचली नाही. सनद १५५२ ची होती, तरी १७९७ नंतर गवताची दुर्दशा झालीच. हिरवळ पुन्हा उभी राहिली ती तिला राखणदार मिळाला तेव्हा. १८६० नंतरच्या दशकात टॉम मॉरिस या कसबी माणसाची तेथे मैदानाचा राखणदार म्हणून नेमणूक झाली आणि १९०३ पर्यंत त्याने ते काम पाहिले. त्याच्यापाशी यंत्रसामग्री नव्हती. फावडे व हातगाडी यांसारखी साधीच अवजारे होती. पण गवतावर वाळूचा पातळ थर वरचेवर पसरला असता ते दाट व निरोगी होते, ही गोष्ट त्याने ओळखली व ती नेमाने अमलात आणली. हक्क सर्वांचा आणि जबाबदारी एकाची, ही व्यवस्था तेथे लागली आणि ती आजही चालू आहे.

पाला किती काढावा

आता हे राखणदार नेमके करतात काय, हे पाहू. पहिली गोष्ट कापणीची. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसून बुंध्याशी, जमिनीलगत असतो. म्हणूनच गवत कापले किंवा जनावराने खाल्ले तरी ते मरत नाही, पुन्हा फुटते. परंतु या गुणाला मर्यादा आहे. पाला हा गवताचे स्वयंपाकघर होय. मुळांचे अन्न तेथेच तयार होते. १९५५ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केलेल्या क्रायडर यांच्या प्रयोगांत असे दिसून आले की, एका वेळी निम्म्याहून अधिक पाला काढला तर मुळांची वाढ थांबू लागते, आणि जवळजवळ सगळाच पाला काढला तर ती कित्येक दिवस थांबून राहते. हे प्रयोग चराऊ गवतांवरही झाले होते. गोल्फच्या राखणदारांचा नियम याहूनही सावध आहे. एका कापणीत पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग काढावयाचा नाही, असा तो नियम आहे.

आता गावातील गायरानाकडे पाहावे. मृगाचा पहिला पाऊस पडतो, हिरवा कोंब बोटभर वर येतो न येतो तोच गुरे-शेळ्या त्यावर सोडल्या जातात. पाला तयार होण्याआधीच तो ओरबाडला जातो. मुळाला अन्न मिळत नाही, मूळ खोल जात नाही आणि पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की गवत करपते. दोष मग पावसाला दिला जातो. वस्तुतः गवताची उपासमार पाऊस ओढ देण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

अशा जमिनीवर प्रथम मारवेल, पवन्या यांसारखी सकस, बहुवर्षायू गवते नाहीशी होतात. त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळीचे टोकदार कुसळ जनावराच्या तोंडाला इजा करते, म्हणून जनावर ती सोडून देते, आणि सोडून दिल्यामुळेच ती अधिक पसरते. कुसळी माजली की गायरान हिरवे दिसूनही जनावर उपाशी राहते. त्याहीनंतर उघडी माती उरते आणि ती पहिल्या मोठ्या पावसाबरोबर ओढ्याला जाते.

विसावा

सेंट अँड्र्यूजचे मुख्य मैदान रविवारी खेळासाठी बंद असते. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर जगातून कितीही खेळाडू आले तरी हा नेम मोडला जात नाही. हिवाळ्यात, म्हणजे गवताची वाढ मंदावलेली असते त्या काळात, तेथील मुख्य पट्ट्यांवरून चेंडू टोलवावयाचा झाल्यास खेळाडूने सोबत छोटी चटई बाळगून तीवरून तो टोलवावा लागतो. कारण त्या दिवसांत उखडलेले गवत लवकर भरून येत नाही.

याहून बोधप्रद अशी आणखी एक पद्धत आहे. ज्या भोकात चेंडू घालावयाचा ते भोक कायम एका जागी नसते. सव्वाचार इंच व्यासाचे ते भोक गजबजलेल्या मैदानांवर रोज उठवून दुसऱ्या जागी पाडले जाते व जुने बुजवले जाते. कारण उघड आहे. सगळे पाय भोकाकडे वळतात. भोक हलले नाही तर त्याच्या भोवतालचे गवत आठवड्यात मरेल. गायरानात पाण्याचे डोण, मिठाची चाटण व दुपारच्या विसाव्याचे झाड ही अशीच भोके होत. सगळी गुरे तेथेच गोळा होतात व तेथूनच उघड्या मातीचा डाग पसरत जातो. झाड हलवता येत नाही. पण डोण व चाटण हलवता येते. एवढ्या साध्या उपायाला खर्च काहीच नाही, तरी तो क्वचितच केला जातो.

खेळाडूंवरही एक शिस्त असते. काठीच्या फटक्याने गवताचा तुकडा उखडला तर तो पुन्हा बसवणे, अगर त्या खड्ड्यात वाळू भरणे, हे त्या खेळाडूचेच कर्तव्य मानले जाते. जो वापरतो त्याने दुरुस्त करावे, हा तो नियम. गायरानाच्या बाबतीत हा नियम लागू केला तर अर्धे काम पार पडेल.

पायाखालची माती

तुडवल्याने गवताच्या पात्याला जेवढी इजा होते त्याहून अधिक इजा मातीला होते. माती दाबली गेली की तिच्यातील हवेची जागा नाहीशी होते, पाणी मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. यास्तव मैदानांवर वर्षातून एकदोनदा पोकळ दात्यांच्या यंत्राने जमिनीला बोटभर रुंदीची भोके पाडतात, मातीच्या कांड्या बाहेर काढतात आणि त्या भोकांत वाळू भरतात. १९६० साली अमेरिकेतील गोल्फ संघटनेने ग्रीन बांधण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली तीत सुमारे ३० सें.मी. जाडीचा, मुख्यतः वाळूचा थर व त्याखाली खडीचा थर सांगितला आहे. निचरा नसेल तर गवत नाही, हाच त्याचा अर्थ.

गावच्या गायरानात असे यंत्र चालवणे शक्य नाही व आवश्यकही नाही. पण त्यातील तत्त्व घेता येते. माती सर्वांत जास्त दबते ती ओली असताना. मोठा पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर येईपर्यंत काळ्या जमिनीच्या गायरानात गुरे घालू नयेत. जो शेतकरी वाफसा आल्याशिवाय स्वतःच्या शेतात तिफण घालीत नाही, तोच शेतकरी चिखल झालेल्या गायरानात गुरे सोडतो, ही विसंगती आहे. शाळेच्या क्रीडांगणालाही हेच लागू आहे. ओल्या मैदानावरील एका दिवसाचा खेळ पुढील कित्येक महिन्यांचे गवत घालवतो.

पाणी, खत आणि औषध

हिरवळ म्हणजे भरपूर पाणी, असाही समज आहे. जाणता राखणदार रोज थोडे थोडे पाणी देत नाही. तो पाणी खोलवर मुरेल इतके देतो व मग जमीन वरून सुकू देतो. त्यामुळे मुळे पाण्यामागे खाली जातात. रोजच्या शिंपणीने मुळे वरच राहतात आणि गवत परावलंबी बनते. पाणी शक्यतो पहाटे दिले जाते, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यावर बुरशी वाढते. सकाळी लांब, लवचीक काठी फिरवून पात्यांवरील दव झाडण्याची जुनी रीत याच कारणासाठी पडली.

खताचेही तसेच आहे. नत्र अधिक झाले की गवत गर्द हिरवे दिसते, पण पाते मऊ होते, मूळ आखूड राहते व रोगाला आमंत्रण मिळते. एके काळी मैदानांवर बुरशी मारण्यासाठी पाऱ्याची औषधे वापरली जात. पारा मातीत साठतो व विषारी असतो, म्हणून पुढे त्यांवर बंदी आली. आज चांगला राखणदार रोग आल्यावर औषध शोधण्याऐवजी निचरा, ऊन, हवा व कापणीची उंची प्रथम तपासतो. हा क्रम भाजीपाल्याच्या शेतकऱ्यानेही अंगीकारण्याजोगा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरने पिण्याचे पाणी पुरवावे लागते, तेथे खेळाच्या हिरवळीवर पिण्याचे पाणी ओतणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरत नाही. शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी हिरवळीला पुरते व अनेक ठिकाणी तेच वापरले जाते. मैदानांकडून विद्या घ्यावी. पाण्याची उधळपट्टी घेऊ नये.

हरळी, बाजरी आणि एक संशोधक

उष्ण प्रदेशातील गोल्फ मैदानांवर जे गवत प्रामुख्याने असते ते शेतकऱ्याच्या पूर्ण परिचयाचे आहे. ते म्हणजे हरळी. गणपतीला वाहिली जाते तेव्हा ती दूर्वा, काळ्या रानात पसरते तेव्हा ती डोकेदुखी आणि बांधावर राहते तेव्हा ती मातीची राखणदार. जमिनीवरून धावणाऱ्या व जमिनीखालून सरकणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी ती पसरते. म्हणूनच ती तुडवणे सोसते. तिला सोसत नाही ती फक्त सावली.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या संशोधकाने हरळीवर मोठे काम केले. १९४३ साली त्याने गुरांच्या चाऱ्यासाठी उंच वाढणारी संकरित हरळी दिली. पुढे साधी हरळी व आफ्रिकेतील बारीक पात्याची जात यांच्या संकरातून आलेल्या जाती त्याने १९५६ साली ग्रीनसाठी व १९६० साली मैदानांच्या मोठ्या पट्ट्यांसाठी दिल्या. या कामासाठी गोल्फ संघटनेनेही साहाय्य केले. बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य मादी वाणही त्याच केंद्रात बर्टननेच तयार केली. तिच्यापासून भारतात १९६५ साली एच.बी. १ ही पहिली संकरित बाजरी निघाली. महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ज्या संकरित बाजरीने नव्या बियाण्याची ओळख करून घेतली, ती आणि गोल्फची हिरवळ या एकाच संशोधकाच्या हातच्या आहेत. गवताचे शास्त्र हे खेळाचे वेगळे आणि शेतीचे वेगळे असे नसते.

गावाने काय करावे

मैदानाचा धडा घ्यावयाचा तो जसाच्या तसा नव्हे. ग्रीनवरचे गवत ३-४ मि.मी. उंचीवर कापले जाते. ते रोजच्या निगराणीवरच जगते. गायरानाने तसे करू गेल्यास ते मरेल. गायरानात कापणीनंतर सुमारे १० सें.मी. बुंधा शिल्लक राहिला पाहिजे. उंची निराळी, पण नियम तोच: पाला सगळा ओरबाडावयाचा नाही, विसावा द्यावयाचा आणि राखणदार नेमावयाचा.

याकरिता ग्रामसभेने गायरानाचे चार भाग पाडावेत. दरवर्षी पावसाळ्यात एक भाग पूर्ण बंद ठेवावा, तेथील गवताचे बी पडू द्यावे व मगच ते कापावे. दुसऱ्या वर्षी दुसरा भाग बंद करावा. उरलेल्या भागांत गवत वीतभर उंच झाल्यावरच गुरे घालावीत व पाळीपाळीने हलवावीत. कापणीसाठी राखलेले गवत फुलोऱ्यावर असताना कापावे. बी पक्व झाल्यावर त्यातील कस निघून जातो. उघड्या डागांवर पहिल्या पावसात मारवेलचे ठोंब व स्टायलोचे बी लावावे. कोणत्या जमिनीस कोणते गवत योग्य, याचा सल्ला राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि १९६२ साली झाशी येथे स्थापन झालेली कुरण व चारा संशोधन संस्था यांच्याकडून घेता येतो.

हे अशक्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी स्वीकारली व डोंगरउतारावरील गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत घातली. अवर्षणप्रवण टापूतील त्या गावात आज गवत उभे राहते. ते काम सरकारी आदेशाने झाले नाही. गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनाने झाले.

यावर एक आक्षेप येतो व तो खरा आहे. गायरान बंद केले की त्याची पहिली झळ भूमिहीनाला बसते. ज्याच्यापाशी दहा एकर जमीन आहे त्याला कडबा आहे, बांधाचे गवत आहे. ज्याच्यापाशी केवळ दोन शेळ्या आहेत त्याला गायरानाखेरीज काहीच नाही. म्हणून सर्व गायरान एकदम बंद करणे अन्यायाचे ठरेल आणि तशी बंदी टिकणारही नाही. रात्री शेळ्या शिरतील व भांडणे होतील. चार भागांची योजना याचसाठी आहे. शिवाय बंद भागातील कापलेल्या गवताचा पहिला वाटा भूमिहीन कुटुंबांना मिळाला पाहिजे, आणि राखणदारही शक्यतो त्यांच्यातूनच नेमला पाहिजे. उरलेल्या गवताच्या लिलावातून त्याचा पगार निघावा. ज्याचे पोट गायरानावर अवलंबून आहे त्याच्याइतका जागरूक राखणदार दुसरा मिळणार नाही.

राखणदाराला अधिकार मात्र खरा हवा. सरपंचाची म्हैस बंद भागात शिरली तरी तिला बाहेर काढण्याची मुभा त्याला नसेल, तर ती नेमणूक कागदावरच राहील. दंड सर्वांना सारखा असावा व तो ग्रामसभेत आधीच ठरलेला असावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. पहिल्या वर्षी एखादा एकर जरी कुंपणाने अगर समजुतीने राखला, तरी आश्विनात त्या एकरातील गवत व शेजारची उघडी माती गावकऱ्यांना शेजारी शेजारी उभे राहून पाहता येईल. त्यानंतर फारसे सांगावे लागणार नाही. एका गावाने आपली चराऊ जमीन राखली आणि तिच्यावरील गवत शेकडो वर्षे टिकले. आपल्या गावांची गायराने त्याहून कमी मोलाची नाहीत. उणीव आहे ती राखणदाराची. ग्रामसभेची पुढील बैठक पावसाळ्यापूर्वीच होत असेल, तर हा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर असावा.